बिस्किटावर १८, सोन्यावर ३

‘आमच्या टॅक्सच्या पैशावर ही मंडळी मजा मारतात.’ हे वाक्य हल्ली सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं, लोकलच्या फर्स्ट क्लासमध्ये तर रोजच. बोलणारा बहुधा सज्जन असतो. लाच खात नाही, सिग्नल तोडत नाही, मुदतीच्या आत रिटर्न भरतो. जुलै २०२२ मध्ये जालौनला बुंदेलखंड एक्सप्रेसवेचं उद्घाटन करताना पंतप्रधानांनी फुकट वाटपाच्या ‘रेवडी संस्कृती’वर टीका केली आणि या सज्जनाच्या रागाला नाव मिळालं. दोन वर्षांनी महाराष्ट्रात बायकांना महिन्याला दीड हजार देणारी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आली आणि त्याच रागाला चेहराही मिळाला. तो चेहरा आपल्याच घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईचा. गंमत अशी की रेवडीला नावं ठेवणारा पक्ष आणि दीड हजार वाटणाऱ्या सरकारातला सर्वांत मोठा पक्ष एकच आहे. पण सज्जनाचा राग पक्षावर निघत नाही, बाईवर निघतो.

मी डाव्या विचारांचा माणूस. राष्ट्रीयीकृत बँकेत हयात काढली, संघटनेचं काम केलं, आता डोंबिवलीत पेन्शन खात बसलो आहे. त्यामुळे ‘तुमचं काय, तुम्ही लाल बावटेवाले’ असं म्हणून माझं बोलणं बाजूला सारायची सोय आहेच. म्हणून मार्क्सला मध्ये आणत नाही. अर्थसंकल्पाचे कागद, वाण्याचं बिल आणि बँकेत जे पाहिलं ते, एवढ्यावर भागेल.

समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्याच जोरात मांडतो. देशात प्रत्यक्ष आयकर भरणारे लोकसंख्येच्या दोन-तीन टक्केच. सरकार त्यांच्याच खिशात हात घालतं आणि निवडणूक आली की तो पैसा बाकीच्यांना वाटतं. घेणारे आळसावतात, मतं विकली जातात, आणि ज्याने पैसा दिला त्याच्या वाट्याला खड्ड्यांचा रस्ता, महागडी शाळा, खाजगी हॉस्पिटल. या म्हणण्यात एक खरं दुखणं आहे आणि त्यावर मी येणार आहे. पण त्याची सुरुवातच चुकलेली आहे, आणि ती चूक साधी बेरजेची आहे.

कर म्हणजे आयकर, असं कुणी ठरवलं? २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण करउत्पन्न ४२.७० लाख कोटी रुपये धरलेलं आहे. त्यात व्यक्तींचा आयकर १४.३८ लाख कोटी, म्हणजे साधारण एक-तृतीयांश. कंपन्यांचा कर आणि सीमाशुल्क बाजूला ठेवलं तर केंद्राचा जीएसटी आणि अबकारी मिळून जवळजवळ १५ लाख कोटी रुपये आहेत. आयकरापेक्षा जास्त. राज्याचा जीएसटी आणि पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट यात धरलेलाच नाही. हे पैसे भरताना कुणी पॅन कार्ड मागत नाही. साबणाची वडी घेतली की भरले गेले.

आता वडीचाच हिशोब घ्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. अंगाच्या साबणावर १८ टक्के, टूथपेस्टवर १८, केसांच्या तेलावर १८, चहात बुडवून खायच्या ग्लुकोज बिस्किटावर १८. सोन्याच्या दागिन्यांवर ३. पैलू पाडलेल्या हिऱ्यांवर काही वर्षं पाव टक्का आणि २०२२ पासून दीड. सोन्यावर जास्त कर लावला तर चोरटा व्यापार वाढतो, असं त्याचं समर्थन करतात. खरं असेल. बिस्किटाची तस्करी होत नाही, म्हणून ते बिचारं सापडलं. २२ सप्टेंबर २०२५ ला अठरा टक्क्यांची ही सगळी यादी ५ टक्क्यांवर आली आणि त्याचा ‘बचत उत्सव’ साजरा झाला. आधीची आठ वर्षं अठराने वसुली कुणाकडून केली, हा प्रश्न त्या उत्सवात कुणी विचारला नाही.

डिझेलची गोष्ट याहून जुनी आणि याहून मोठी. एप्रिल २०१४ मध्ये डिझेलवर केंद्राचा कर लिटरमागे ३ रुपये ५६ पैसे होता, पेट्रोलवर ९ रुपये ४८ पैसे. मे २०२० मध्ये, लॉकडाऊन चालू असताना आणि जगात कच्चं तेल कवडीमोल झालेलं असताना, हेच कर ३१ रुपये ८३ पैसे आणि ३२ रुपये ९८ पैसे झाले. पुढे दोनदा कपात झाली, पण २०१४ चा आकडा परत दिसला नाही. भाजीचा टेम्पो, एसटी, नांगरटीचा ट्रॅक्टर, दुधाची गाडी, सगळं डिझेलवर चालतं. महिन्याला दहा-बारा हजार मिळवणारी बाई मिळालेला जवळपास प्रत्येक रुपया खर्च करते, त्यामुळे तिच्या जवळपास प्रत्येक रुपयातून कर कापला जातो. दोन लाख मिळवणारा त्यातला बराचसा भाग गुंतवतो, आणि गुंतवलेल्या पैशावर जीएसटी नसतो. तेव्हा ती ‘टॅक्स भरत नाही’ हे म्हणणं तिच्यावर अन्याय आहेच, शिवाय ते खोटंही आहे.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १८८२ मध्ये हंटर शिक्षण कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात त्यांचा मुद्दा हाच होता: तिजोरीत पैसा येतो रयतेच्या कष्टातून, आणि शिक्षणखात्याचा खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. तेव्हाही कॉलेजात शिकणाऱ्यांना आपण कुणाच्या तरी पैशावर शिकतो असं वाटत नव्हतं. फुले जहाल होते म्हणून सोडून द्यायचे असतील तर गोपाळ कृष्ण गोखल्यांना घ्या. मवाळांचे मवाळ. १९०२ मध्ये कलकत्त्याला कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी सरकारच्या शिल्लक रकमेचं कौतुक करायला नकार दिला आणि मिठावरच्या करावर बोट ठेवलं. शिल्लक दिसते ती गरिबावर कर जास्त बसवला म्हणून, असा त्यांचा रोख होता. पुढच्याच वर्षी हा कर मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. आयकर तेव्हाही होता आणि तो भरणारे तेव्हाही मूठभरच होते. म्हणून देश फक्त त्यांच्याच पैशावर चालतो, असं गोखल्यांना कधी वाटलं नाही.

आता ते खरं दुखणं. पगारदार माणूस पिळला जातो, हे शंभर टक्के खरं. त्याचा कर पगारातूनच कापून घेतात, लपवायला जागा नाही. २०१८-१९ मध्ये कंपन्यांनी भरलेला कर होता ६.६४ लाख कोटी आणि व्यक्तींचा आयकर ४.७३ लाख कोटी. म्हणजे कंपन्या पुष्कळ पुढे होत्या. २०२५-२६ च्या अंदाजात कंपन्या १०.८२ लाख कोटी आणि व्यक्ती १४.३८ लाख कोटी. सात वर्षांत पारडं उलटं झालं. हे धुणीभांडीवालीने केलं का? २० सप्टेंबर २०१९ ला पणजीत, जीएसटी परिषदेच्या बैठकीआधी, अर्थमंत्र्यांनी पत्रकार परिषद घेतली आणि कंपन्यांचा मूळ कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्क्यांवर. सरकारने स्वतःच सांगितलं की यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल जाईल. त्या दिवशी सेन्सेक्स १९०० अंकांनी उसळला. रेवडी हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता.

तुलनेला २०१७ घ्या. पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप निघाला आणि राज्य सरकारने ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. ती एकदाच, सतराशे साठ अटींसह, ऑनलाइन अर्ज भरून आणि अंगठे लावून. तेव्हा वर्तमानपत्रांतून ‘पतशिस्त बिघडते’ म्हणून किती शाई वाहिली, आठवून पाहा.

बँकेतल्या माणसाने पतशिस्तीवर बोलायलाच हवं. मराठवाड्यातल्या एका शाखेत असताना पीककर्जाच्या वसुलीला आम्ही जीप घेऊन जात असू. जीप गावात शिरली की मारुतीच्या पारावरची माणसं उठून जायची. चाळीस हजार थकलेल्या माणसाच्या दारात चार साहेब उभे राहिले की शेजारपाजार जमतो, बायको आत जाते, म्हातारा बाप हात जोडतो. हे मी पाहिलं आहे, आणि साहेबांतला एक मीच होतो. मोठं खातं थकलं की मात्र दार वाजवत नाहीत. कन्सॉर्शियमची मीटिंग होते, चहा-बिस्किटं येतात, वकील येतात, कर्जाची पुनर्रचना होते. तीही फसली की राइट-ऑफ.

इथे प्रामाणिक राहायला हवं, कारण आमच्या बाजूचे लोक या ठिकाणी घसरतात. राइट-ऑफ म्हणजे माफी नाही. खातं ताळेबंदातून बाहेर काढतात, वसुलीचा हक्क राहतो. अर्थराज्यमंत्र्यांनी २०२३ मध्ये संसदेत दिलेली माहिती अशी की २०१४-१५ पासूनच्या नऊ वर्षांत बँकांनी १४.५६ लाख कोटी रुपये राइट-ऑफ केले, त्यात मोठ्या उद्योगांचे आणि सेवाक्षेत्राचे ७.४१ लाख कोटी. ‘सरकारने उद्योगपतींना १४ लाख कोटी माफ केले’ असं पोस्टर लावणं चूक आहे आणि मी ते लावणार नाही. पण त्याच उत्तरात आणखी एक आकडा होता: राइट-ऑफ केलेल्या कर्जांतून वसूल झाले २ लाख कोटींच्या आसपास. वसुलीचा हक्क राहतो हे कागदावर खरं. हातात येतो सातांतला एक रुपया. दिवाळखोरी कायद्याखाली निकाली निघालेल्या कंपन्यांत बँका आणि इतर धनकोंना दाव्याच्या एक-तृतीयांशाच्या आसपास मिळालं, उरलेल्यावर पाणी. याला आमच्याकडे हेअरकट म्हणतात. कातर बँकेच्या डोक्यावर चालते, केस ठेवीदाराचे आणि करदात्याचे जातात. सरकारी बँकांना नव्याने भांडवल दिलं गेलं ते त्याच्याच पैशातून.

तेव्हा करदाते मित्रांना माझं म्हणणं एवढंच, की तुमचा राग खरा आहे, पत्ता चुकला आहे. १९८५ पासून या देशात वारसाकर नाही. शंभर कोटींची इस्टेट बापाकडून मुलाकडे आली तर त्यावर दमडी भरावी लागत नाही. ब्रिटनमध्ये हा कर ४० टक्के आहे, जपानमध्ये सर्वांत वरचा दर ५५, आणि हे दोन्ही देश अजून लेनिनच्या ताब्यात गेलेले नाहीत. २०१५ मध्ये आपला संपत्तीकरही गेला. त्यातून मिळत होते हजारभर कोटी, म्हणून तो काढला. वसुली नीट करायच्या ऐवजी करच काढून टाकायचा, ही सवलत साबणाला आठ वर्षांत मिळाली नव्हती. शेअर बाजारात वर्षभर ठेवून नफा काढला तर साडेबारा टक्के कर. तेवढाच पैसा राबून पगार म्हणून मिळवला तर वरच्या टप्प्यात तीस टक्के. तुमच्या घामापेक्षा शेअरवाल्याचं बसून राहणं सरकारला जास्त लाडकं आहे. यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये कधी ठराव झालेला मी पाहिला नाही.

‘मग शेतकऱ्यांच्या उत्पन्नावर कर का नाही?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. बड्या बागायतदारांवर, शेतीच्या नावाखाली काळा पैसा पांढरा करणाऱ्यांवर खुशाल लावा, माझी हरकत नाही. पण राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाप्रमाणे २०१८-१९ मध्ये शेतकरी कुटुंबाचं सरासरी उत्पन्न महिना १०,२१८ रुपये होतं, आणि तेही मजुरी, जनावरं सगळं धरून. उद्या सगळी शेती आयकराखाली आणली तरी या कुटुंबाचा कर शून्यच येईल.

आणि फुकट या शब्दाचा आपल्याला एवढाच तिटकारा असेल तर जरा आपल्याही ताटात पाहू. डोंबिवलीहून फोर्टला मी अनेक वर्षं पासावर गेलो. रेल्वेमंत्र्यांनी २०२४ मध्ये संसदेत सांगितलं की प्रवाशाला सरासरी ४६ टक्के सवलत मिळते. उपनगरी पासधारकाला तर प्रवासाचा खर्च निघेल एवढेही पैसे मोजावे लागत नाहीत. गृहकर्जाच्या व्याजावर सूट मिळाली, ८०सीखाली मिळाली. आमच्या पिढीतले कितीतरी जण सरकारी कॉलेजात नाममात्र फीवर डॉक्टर-इंजिनियर झाले आणि पुढे अमेरिकेत जाऊन तिथून ‘मेरिट’वर भाषणं पाठवतात. मार्च २०२० मध्ये रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद केली, पुरुषांना ४० टक्के आणि बायकांना ५०. सकाळी फिरायला येणारे माझे मित्र अजून त्यावर चिडलेले आहेत. मीही चिडलेलो आहे. ती सवलत परत यायलाच हवी. फक्त तिला कुणी रेवडी म्हणत नाही, आमचा हक्क म्हणतात. हीच समज इतरांच्या बाबतीतही दाखवावी.

आळसाचा आरोप सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत कमी तपासलेला. महिन्याला दीड हजार म्हणजे दिवसाला ५० रुपये. रेशनवर माणशी ५ किलो धान्य म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम, दोन वेळच्या भाकरीलाही पुरत नाही. ५० रुपये मिळाले म्हणून कुणी काम सोडत असेल तर त्या कामाचे तिला काय मिळत होते, हा प्रश्न आधी विचारा. नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सहा विकसनशील देशांतल्या सात रोख-मदत योजनांची तपासणी प्रसिद्ध केली. लोक काम सोडतात किंवा कमी करतात, याचा पद्धतशीर पुरावा त्यांना सापडला नाही. पण ‘शेतावर माणूस मिळत नाही’ ही तक्रार इतकी ठाम आहे की तिच्यापुढे नोबेलवाल्याचंही चालत नाही.

माणूस मिळत नाही म्हणजे खरं तर ठरल्या पैशात मिळत नाही. आपल्याला कांदा महाग मिळतो तेव्हा ‘कांदा आळशी झाला’ असं आपण म्हणत नाही. बीडहून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबं मुकादमाकडून उचल घेतात आणि कोयत्यावर ती फेडत बसतात. हंगाम संपतो तरी उचल फिटलेली नसते, पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. अशा घरात बाईच्या नावावर महिन्याला दीड हजार आले तर ती कोयता टाकून झोपा काढते, असं ज्याला वाटतं त्याने ते घर पाहिलेलं नाही. फार तर उचल थोडी कमी घ्यावी लागेल. मुकादमाला, आणि मुकादमामागच्या साखर कारखान्याला, हे खुपणं मी समजू शकतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला का खुपावं?

कदाचित त्यालाही कारण असेल. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. किती सोसायट्यांत कामाला येणाऱ्या बायकांची नोंदणी झाली आहे? भर-पगारी सुट्टी किती जणी घेतात? जुलै २०२४ मध्ये उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे आणि सेतू केंद्रावर रांगा लागल्या होत्या, तेव्हा ‘फॉर्म भरायला गेले होते’ म्हणणाऱ्या बाईचा खाडा धरणारी घरं माझ्या ओळखीत आहेत. दिवसाच्या पगाराला कात्री लावून, वर तिला सरकारच्या पैशाचं महत्त्व समजावून सांगणारी. तिच्या हाताशी थोडे पैसे असले की ती दोनशे रुपयांची पगारवाढ मागेल, आणि नाही दिली तर दुसरं घर पाहील. ‘आळशी’ या शब्दामागे मला पुष्कळदा ही धास्ती ऐकू येते.

मतांच्या विक्रीबद्दल थोडक्यात. १ फेब्रुवारी २०२५ ला अर्थसंकल्पात १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न नव्या करप्रणालीत करमुक्त झालं. सरकारच्या हिशोबाने यात वर्षाला सुमारे एक लाख कोटींचा महसूल गेला. ५ फेब्रुवारीला दिल्लीत, नोकरदारांच्या शहरात, विधानसभेचं मतदान होतं. कुणी म्हणालं का, की दिल्लीचा मध्यमवर्ग विकला गेला? मीही म्हणणार नाही. माणूस आपलं हित पाहून मत देतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मग बारामतीतल्या किंवा भंडाऱ्यातल्या बाईने तेच केलं की लोकशाही धोक्यात कशी येते?

इथवर वाचून कुणाला वाटेल, हा गृहस्थ लाडकी बहीण योजनेचा प्रचारक दिसतो. मुळीच नाही. माझं भांडण आहे, पण ते सज्जनाच्या भांडणाच्या नेमकं उलट्या बाजूने आहे.

तुमच्यापैकी जे महाराष्ट्रात पगारावर काम करतात त्यांनी आपली सॅलरी स्लिप काढावी. त्यात व्यवसाय कराची कपात असते: बहुतेकांची महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २५००. हा कर आला १९७५ मध्ये, आणि तो आला रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामं निघाली. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं त्या कामांवर होती. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी साठच्या दशकातच सांगली जिल्ह्यात तासगावकडे हमीच्या कामाचा प्रयोग करून पाहिला होता. त्यातून कायदा उभा राहिला: मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर बेकारभत्ता. पैसा कुठून आणायचा? शहरातल्या नोकरदाराकडून थोडा, आणि जेवढा जमेल तेवढीच भर राज्याने घालायची. विधिमंडळाने १९७७ मध्ये हा कायदा मंजूर केला, १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला, म्हणजे मनरेगाला, त्याचाच आधार मिळाला. कायदा मंजूर झाला तेव्हा सत्तेवर काही कम्युनिस्ट नव्हते. डावे, समाजवादी, शेकाप रस्त्यावर होते आणि काँग्रेस मंत्रालयात होती. हमी योजनेतही मस्टरवर खोटी नावं चढली, मुकादमांनी पैसे खाल्ले, सगळं झालं. पण हजेरीवर नाव लागलेल्या बाईला कुणा भावाचे आभार मानावे लागत नव्हते. काम नाही मिळालं तर ती तहसीलवर मोर्चा नेऊ शकत होती, आणि नेत होती.

लाडकी बहीण योजनेत मोर्चा कशाच्या आधारावर नेणार? तो शासन निर्णय आहे, कायदा नाही. नोव्हेंबर २०२४ च्या मतदानाआधी ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे हप्ते एकदमच खात्यात आले. दीड हजारांचे २१०० करण्याचं आश्वासन होतं. निवडून आल्यावर २१०० राहिले बाजूला; पडताळणी सुरू झाली आणि जून २०२५ पासून २६ लाखांहून जास्त खात्यांचे पैसे थांबले. त्यात लबाडी करणारे होते, काही पुरुषसुद्धा होते. पण मतदानाआधी अर्ज तपासायला वेळ नव्हता आणि मतदानानंतर भरपूर मिळाला, हे विसरता येत नाही. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा पैसा या योजनेकडे वळवल्याची तक्रार खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीरपणे केली. म्हणजे सज्जनाला वाटतं त्याच्या खिशातून बाईला दिले. प्रत्यक्षात वसतिगृहातल्या दलित-आदिवासी पोरांच्या वाट्याचे काढून त्यांच्याच आयांना दिले. कंपन्यांना दिलेल्या सवलतीला कुणी हात लावला नाही.

या योजनेच्या काही महिने आधी, डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या. त्या लाभार्थी नव्हेत, काम करणाऱ्या बायका आहेत. पोरांना खाऊ घालतात, वजनं करतात, गरोदर बायांच्या नोंदी ठेवतात. केंद्राने त्यांच्या मानधनाचा दर २०१८ मध्ये ४५०० रुपये ठरवला, तो आकडा वर्षानुवर्षं तिथेच. त्यांना पगार नाही, मानधन. कर्मचारी नाहीत, ‘मानसेवी’. लाडक्या बहिणींचे अर्जही पुढे त्यांच्याकडूनच भरून घेतले. राज्याला बहिणींचा एवढा कळवळा असेल तर आधी या कामाला किमान वेतन द्यावं. पण वेतन द्यायचं म्हणजे हक्क मान्य करायचा, आणि हक्काच्या पाकिटावर फोटो छापता येत नाही.

केंद्रातही वारं तसंच आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० चे १२५ झाले, याचा गाजावाजा झाला. पण आधी मजुरीचा सगळा खर्च केंद्र करत होतं, आता बहुतेक राज्यांना एकूण खर्चाचे ४० टक्के उचलायचे आहेत. राज्याला किती पैसे हे केंद्र ठरवणार. आणि पेरणी-कापणीच्या काळात वर्षाला ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवायची तरतूद आहे. ‘शेतावर माणूस मिळत नाही’ ही ओट्यावरची तक्रार आता थेट कायद्यात शिरली. मजुराला दर वाढवून मागता येईल असे जे दिवस, नेमक्या त्याच दिवसांत सरकारी काम बंद.

म्हणून माझी मागणी दीड हजार बंद करा अशी नाही, आणि वाढवून द्या एवढीच नाही. ती कायद्यात घाला. कोण पात्र, किती रक्कम, महागाईबरोबर ती कशी वाढेल, नाव कापलं तर दाद कुठे मागायची, हे विधिमंडळात चर्चा करून लिहा. आणि दुसऱ्या खात्याचा निधी वळवायला बंदी घाला. सुरुवातीला वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज होता. तो लहान आकडा नाही आणि कर्जात बुडालेल्या राज्याला झेपणं अवघड आहे, हेही मान्य. मग रोजगार हमीच्या वेळी केलं तसं करा, पैसा कुठून येणार ते त्याच दमात सांगा. १९७५ मध्ये तो कारकुनाच्या पगारातून आला. आता वारसाकराची वेळ आहे, आणि त्यासाठी आवाज दिल्लीत उठवावा लागेल.

विरोधकांकडून ही अपेक्षा करावी, तर २०२४ च्या निवडणुकीत महाविकास आघाडीने काय केलं? सरकारचे दीड हजार, मग एकवीसशे, म्हणून यांचे तीन हजार. बोली वाढत गेली. त्या महिन्याभरात कल्याण-डोंबिवलीतल्या दोन्ही बाजूंच्या सभा मी ऐकल्या, आणि या पैशाचा कायदा करू असं म्हणणारा वक्ता काही माझ्या कानावर आला नाही.